डाव्या काखेतली गाठ

डॉक्टरकीत किस्से जमवावे लागत नाहीत, गाडीच्या डिकीत चिंध्या साठाव्यात तसे ते आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात शिरूर-दौंड पट्ट्यातले आम्ही तीन डॉक्टर मित्र रविवारी चहाला जमलो, की गाडी हमखास एका गाठीवर घसरायची. तान्ह्या पोराच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचतात. काही पोरांना महिन्या-दोन महिन्यांनी त्याच बाजूच्या काखेत गाठ येते आणि बहुतेक वेळा आपली आपण जिरते. एवढं साधं! पण या एवढ्याशा गाठीनं आमची जितकी लाज काढली, तितकी मोठमोठ्या आजारांनी काढली नाही.

जगताप शिरूरचा सर्जन, कायम हात शिवशिवणारा. एका पोराची गाठ त्याला गळू वाटली आणि त्यानं ती चिरली. अशी गाठ चिरली की जखम लवकर भरत नाही, वाहतच राहते. मग पोराचे आजोबा बाजारात दिसले की जगताप गल्ली बदलायचा. एकदा आजोबांनी त्याला भाजीच्या गाड्यामागं गाठलं. म्हणाले, "डॉक्टर, जखम भरली बरं का. आता सरळ रस्त्यानं जावा."

तेव्हापासून तो मला दौंडला फोन करू लागला. मी पोरांचा डॉक्टर ना!

"चिरू का?"

"नको. नुसतं लक्ष ठेव."

"आरे, मग मी सर्जन कशाला झालो?"

कारेगावात कंपनीत कामाला असलेल्या एका बिहारी बापानं जगतापला विचारलं, "साहब, टीका तो टीबी रोकने का था, फिर गाँठ किस बात की?" जगतापनं घाम पुसत बराच वेळ समजावलं. बाप म्हणाला, "मतलब मशीन चालू है, थोड़ा गरम हुई है." हे वाक्य आता जगताप स्वतःचं म्हणून सांगतो.

आमच्यातला तिसरा वरवंडचा देशमाने. त्याच्याकडं अशीच गाठ घेऊन एक बाळ आलं. देशमानेनं छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, काही सापडेना. बाळाच्या डाव्या दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत बांधलेला होता. लोकांच्या श्रद्धेला हात नको, म्हणून हा सभ्य माणूस रोज तो ताईत सोडून बाकी बाळ तपासायचा. शेवटी आजीनंच विचारलं, "टोचलेलं पिकलं म्हनून त्यावर बांधलाय. सोडू का?"

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कुठं इचारलं?"

या किस्स्यावर आम्ही खूप हसायचो. पुढच्यावर नाही.

राहू गावचं एक कुटुंब, पूर्वी मेंढरं राखणारं, आता शेती करणारं. नातवाच्या काखेत गाठ आली. देशमाने सहज बोलून गेला, "आईची छाती तपासून घ्या." घरी जाईपर्यंत त्याचा अर्थ झाला, सुनेला क्षय आहे. सासऱ्यानं, म्हणजे आबांनी, भावकीसमोर तिला नाही नाही ते सुनावलं. बाळाला तिच्या अंगावरून तोडलं. तिचं ताट-पेला वेगळा झाला. माहेरी धाडायचा दिवसही ठरला.

त्याआधी आबा सुनेला आणि बाळाला घेऊन माझ्याकडं आले. मी दोघांना तपासलं, बाळाच्या दंडावरचा व्रण दाखवला. म्हणालो, "हिला काही नाही. गाठ लसीची आहे. बाळाला आजपासून पाजू द्या." देशमानेच्या त्या एका वाक्याची मला फार लाज वाटत होती. आबांकडं बघवेना.

मी चहा मागवला. सुनेनं सवयीनं पिशवीतून आपला वेगळा पेला काढला, त्यात चहा ओतून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून पिऊ लागली.

आबा म्हणाले, "समदा पिऊ नगंस."

ती थांबली. आबांनी तिच्या हातातून पेला घेतला, तिचा उष्टा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि रिकामा पेला माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "घरी न्हाई न्यायचा."