सॅड हलका, ग्रीफ एक नंबर

परभणीत टेलरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवतो. खडूचे तुकडे जसे टेबलाच्या खणात साठत जातात, तसे किस्सेही साठतात. फेकून द्यायला हात धजत नाही आणि कामाला तर दोन्ही येत नाहीत! दुःखाच्या शब्दांच्या धड्यानं मात्र एका आठवड्यात अख्खा खण भरला.

*

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं: सॅड, अपसेट, हर्ट, हार्टब्रोकन, ग्रीफ. शिवलिंगअप्पांनी हात वर केला. वय पासष्ट, मोंढ्यात भुसाराचं दुकान. त्यांचं म्हणणं, असा सगळा माल एकाच ढिगात ओतू नका, प्रतवारी लावा. मग आम्ही तुरीसारखी लावली. सॅड हलका, अपसेट मध्यम, ग्रीफ एक नंबर.

अप्पांची घाई खरी होती. मुलगा पोलंडला, त्याची बायको तिकडचीच, मारिया. तिची आई चार दिवसांपूर्वी गेली होती. सुनेला मराठी येत नाही आणि सासऱ्याला इंग्रजी. रविवारी चारला व्हिडिओ कॉल ठरला होता.

"सर, तेवढं बोलता आलं पायजे," अप्पा म्हणाले. "न्हाईतर पोरगी जन्मभर म्हणंल, माझी माय गेली अन् सासऱ्याच्या तोंडातून शब्द निघाला न्हाई."

*

आमचा क्लास भरतो दिवेलागणीला. सुमनताईंनी 'आय अ‍ॅम सॅड' म्हणायला साफ नकार दिला. त्या झरीला नर्स आहेत, इंजेक्शन देताना हात कापत नाही. पण तिन्हीसांजेला वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, यावर त्या ठाम.

पाथरीची जीप चालवणाऱ्या गजाननानं विचारलं, "वास्तूला इंग्लिश येतं का?"

"इतक्या वर्षांपासून क्लास ऐकायलीय ती," ताई म्हणाल्या. "आपल्यापेक्षा बरंच येत असंल."

शेवटी तडजोड झाली. सगळी वाक्यं माझ्यावर! सर इज सॅड. सर इज अपसेट. सर इज हार्टब्रोकन. तेरा जणांनी तेरा वेळा म्हटलं. घरी जाताना माझी स्कूटर वसमत रोडवर बंद पडली आणि मी ती दोन किलोमीटर ढकलत नेली.

*

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगायचा होता. गजानन म्हणाला, जीप महिनाभर गॅरेजला होती तेव्हा आय वॉज हार्टब्रोकन. त्याची सोयरीक मोडल्याचं आम्हाला माहीत होतं. तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं.

"अपसेट."

एवढंच?

"सर, जीप माझ्याकडं दहा वर्षं हाय. पोरीला मी दहाच मिनिटं पायलं."

*

शनिवारी रंगीत तालीम. सुमनताई मारिया झाल्या, अप्पा अप्पाच. तीन वाक्यं त्यांनी घोटून पाठ केली होती. ताईंनी वॉर्डात पाहिलेलं सगळं रडणं एकदम काढलं. पदर तोंडाला लावून असा हंबरडा फोडला की खालून टेलर कात्री घेऊन वर आला!

अप्पांचं इंग्रजी पळालं. ते गजाननाला ओरडले, पाणी आण. ताईंनी डोळे पुसले आणि कसं झालं म्हणून विचारलं.

अप्पा मटकन बाकावर बसले. म्हणाले, "खोटं रडल्यावर माझी ही गत. खरं रडली तर मी काय करू?"

मला त्यांची काळजी वाटू लागली.

*

रविवारी चारला मी मोंढ्यात हजर. फोन तुरीच्या पोत्याला टेकवला, वाक्यांची चिठ्ठी अप्पांच्या हातात दिली. मारिया दिसली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, चिठ्ठी खिशात घातली आणि खाली मांडी घालून बसले.

मी हळूच सुरुवात करून दिली, "आय अ‍ॅम व्हेरी..." त्यांनी हातानंच मला गप्प केलं. मारियानं विचारलं, "पप्पा? नेटवर्क?" मी सांगितलं, ओके आहे. आमच्याकडं कुणी गेलं की त्या घरी जाऊन बसायचं असतं, फार बोलायचं नसतं, हे मला इंग्रजीत सांगता येईना. आणि मी म्हणे क्लास चालवतो!

जरा वेळानं तीसुद्धा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. मग रडली. खूप रडली. अप्पा हलले नाहीत, त्यांचेही डोळे वाहत होते. एक गिऱ्हाईक डाळ न्यायला आलं, ते पिशवी घेऊन मागं बसलं.

अर्ध्या तासानं अप्पा उठले. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तसे काही न बोलता आत गेले. गिऱ्हाईकही डाळ न घेताच गेलं. फोनसमोर उरलो मी. मला 'बाय'सुद्धा म्हणवेना. मीही उठलो.

सोमवारी अप्पा क्लासला लवकर आले आणि फोन माझ्यापुढं धरला. मारियाचा इंग्रजीत मेसेज होता, मराठीत सांगा म्हणाले.

"पप्पा, आज पुन्हा बसाल का?"