रांगोळीला वळसा

आमच्या माळावर सरळ रेषेतलं शहर होणार आहे. एकच लांब रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं. त्यासाठी मारलेली चुन्याची रेघ पारूकाकूंच्या स्वयंपाकघरातून आरपार गेली. काल जेसीबीने त्यांचा गोठा फोडला, जांभळीला मुळासकट उपटून फेकलं.

जुनी पायवाट त्या जांभळीसाठी वाकली होती. वळण म्हणजे कुणासाठी तरी बाजूला सरणं. सरळ रेघ सरत नाही, भोसकते.

आज जेसीबीवाला पाणी मागायला उतरला. काकूंनी सकाळी घातलेल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून आला.

"आतलं सगळं काढलंत ना, काकू?"

"चूल कशी काढणार?"

तांब्या ठेवून तो तसाच वळसा घालून परतला, वर चढला आणि लोखंडी दात सरळ चुलीत घुसवले.