तुसातला कॉम्प्युटर

शांततेसाठी आमच्या घरमालकांइतका आरडाओरडा करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जांबे गावातल्या त्यांच्या दुमजली घरात वरच्या खोल्यांमधून आम्ही भाडेकरू राहत असू, सगळे हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारे, बाहेरगावचे. आमच्यातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी गप्प बसायला सांगितलं होतं, आणि ते अशा आवाजात की आम्ही तर गप्प होऊच, पण पलीकडच्या आळीतलं भांडणही थांबे. जन्म खाचराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या गड्याला हाका मारण्यात गेलेला. हळू बोलणं त्या गळ्याला माहीतच नव्हतं. गुपित सांगायचं तरी ते चार हातांवर उभे राहून सांगत आणि वर "कुनाला बोलू नका, हळू सांगतोया" अशी ताकीद देत. मोटरसायकल फाटकापाशी बंद करून आत ढकलत आणायची, हा त्यांचा कायदा. कुणाचा मिक्सर सुरू झाला की खालून विचारणा होई, "वर कुनाला दळताय रं?" मी लातूरकडचा, एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात काम करणारा, संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणारा माणूस. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं मी आदर्श भाडेकरू होतो. इतरांना ते माझा दाखला देत : "त्या पावण्याकडं बघा. हाय का न्हाई त्येबी कळत न्हाई." ही स्तुती आहे हे समजायला मला बरेच दिवस लागले.

मला ते शेवटपर्यंत 'पावणं'च म्हणत. माझ्या बायकोला, वैशालीला, मात्र त्यांनी पहिल्या आठवड्यातच 'पोरी' म्हणायला सुरुवात केली होती, कारण तिनं त्याआधीच त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी करून टाकलं होतं. वैशाली घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. त्यासाठी आम्ही एक कॉम्प्युटर घेतला होता. अवजड डब्याचा, जाड काचेच्या पडद्याचा, त्या वेळी असत तसा. एका पावसाळ्यात थोड्या दिवसांच्या आजारानं ती गेली. नंतर त्या खोलीत तो काळा पडदा माझ्याकडे तोंड करून बसलेला मला सोसेना. मी मामांना म्हटलं, हे तुमच्याकडे ठेवता का? नुकत्याच जन्मलेल्या वासराला उचलावं तसा तो डबा दोन्ही हातांनी उचलून ते जिना उतरले आणि खालच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेवर त्यांनी त्याला जागा दिली.

त्यात मामांचं शेत होतं. ओढ्याकाठची खाचरं विकायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या भातलावणीला वैशालीनं माझ्या ऑफिसातल्या कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता आणि बांधावर उभं राहून दिवसभर फोटो काढले होते. मी तिच्या चपला हातात धरून मागे उभा होतो. त्या खाचरांवर आता इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण मामांचा रोजचा फेरा चुकला नव्हता. संध्याकाळी "शेतावर जाऊन येतो गं" असं सांगून ते ट्रंकेसमोरच्या खुर्चीत बसत आणि एकेक फोटो बघत. कुठं पाणी जास्त झालं, कुणाची ओळ वाकडी गेली, यावर त्यांची शेरेबाजी चाले. मामी चुलीपाशी बसून म्हणत, "येताना बांधावरची भाजी आना."

अशाच एका फेऱ्यात त्यांना कळलं की त्यातला एक फोटो हलतो. मी वर वाचत बसलो होतो. खालून आवाज आला, "पावणं! पळा! आपली पोरगी बोलतीया!"

मी उंबऱ्यापर्यंत गेलो. पडद्यावर चिखलात उभे असलेले मामा डुलत होते. वैशाली दिसत नव्हती, कॅमेरा तिच्या हातात होता. पण डब्यातल्या पंख्याच्या घरघरीखाली काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं. मी पुढे होऊन ते बंद केलं आणि म्हणालो, "पंख्याच्या आवाजात काही कळत नाही, मामा. राहू द्या."

खरं कारण पंखा नव्हता. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तो आवाज ऐकून मी उभा राहू शकेन याची मला खात्री नव्हती. पण असं कुणी कुणाला सांगत नाही. माणूस पंख्याचं नाव घेतो. मामांनी ते शब्दशः घेतलं. "एवढंच ना?" ते म्हणाले. "मग त्याला गप करतो की."

त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरवर उपचार सुरू केले. आजारी बैलाचा कान धरून ताप बघतात, तसा ते डब्याच्या मागच्या जाळीवर तळहात ठेवत आणि जाहीर करत, "अंग तापलंय, म्हनून धाप लागलीया." हे निदान बरोबरच होतं; औषधं तेवढी बैलाची होती. ऊन चढलं की कॉम्प्युटर सोडायचा, उन्हं कलली की पुन्हा जुंपायचा. उशाशी पाण्याचा माठ. खिडकीला ओल्या गोणपाटाचा पडदा, आणि तो सुकू नये म्हणून येताजाता त्यावर तांब्यानं पाणी मारायचं. मग त्यांनी टेबलफॅन आणून खुर्चीवरून डब्यावर रोखला, तो तर खुर्चीसकट थरथरत असे. मामी म्हणाल्या, "एका पंख्याला गप करायला दुसरा बोंबलायला लावलाय. घरात आधीच एक होता, तो पुरना." गुरुवारी दिवसभर वीज नसे. त्या दिवशी मामा थंडगार डब्यावरून हात फिरवत मला सांगत, "आज बगा, कसा गुनाचा बसलाय!"

एका तरुण भाडेकरूनं सुचवलं, "मामा, हेडफोन लावा ना, सिंपल आहे." मी जिन्याकडे वळलो. पण मामांनीच त्याला वाटेला लावलं. "कानात बोळं घालून ऐकायचं? पोरगी काय कुनाची चहाडी सांगतीया व्हय? चारचौघांत बोललीया, चारचौघांत ऐकायचं."

मग त्यांना आठवला बर्फ. त्यांच्या मुलीच्या लग्नात भर उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या आल्या होत्या, त्या भाताच्या तुसात पुरून ठेवल्या आणि संध्याकाळच्या पंगतीपर्यंत टिकल्या. तूस गारवा धरतं आणि आवाजही दाबतं, म्हणजे एका औषधात दोन्ही दुखणी. रिहे गावच्या मेव्हण्याकडून त्यांनी जीपच्या टपावर तुसाची पोती आणवली. दाण्यांचा जुना लाकडी पेटारा रिकामा केला, त्यात कॉम्प्युटरचा डबा उभा केला, वायरी तेवढ्या बाहेर काढल्या आणि चहूबाजूंनी तूस भरून वर हातानं थापलं. बटण दाबलं. खरोखरच, काही ऐकू येईना. "गप झाला!" या त्यांच्या आरोळीनं वरच्या मजल्यावरचे रात्रपाळीवाले दचकून जागे झाले.

मी खाली आलो तोवर पडदा काळा झाला होता. खोलीत ऊबदार, करपट वास होता. मामी पेटाऱ्यात हात घालून म्हणाल्या, "आंबं पिकाया घातल्यात का काय हितं? आढी हाय ही आढी!"

मी मामांना समजावलं, की तूस बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, म्हणून बर्फ टिकतो. पण आतली बाहेरही जाऊ देत नाही, आणि ह्याची उष्णता तर आतूनच येते. त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे तूस इमानी हाय," ते म्हणाले, "मीच येडा." मग खुर्चीत बसले, आणि मी त्यांना ओळखत होतो तेवढ्या काळात पहिल्यांदाच खरोखर हळू बोलले. "पावणं, पोरगी ऱ्हायली का वं त्यात? का गेली?"

इतके दिवस तो आवाज ऐकावा लागू नये म्हणून मी जपत होतो. पण तो कायमचा गेला असेल, हा विचार त्याहून सोसवेना. मी डबा बाहेर काढला, अंगणात नेला आणि स्क्रू उघडले. आत तूस होतंच; पण त्याच्या खाली पंख्याच्या पात्यांना इतक्या वर्षांच्या धुळीचं जाड कांबळं चढलं होतं. मामांनी रंगाचा कोरा ब्रश आणला. मी झाडत होतो, ते तोंडानं फुंकर मारत होते, आणि मामी आम्हा दोघांना "जरा बाजूला सरा, उजेड अडवू नका" म्हणत सर्वात जास्त उजेड अडवत होत्या. शेवटी त्यांनीच शिलाई मशीनचं तेल आणलं आणि कोंबडीच्या पिसानं पंख्याच्या मधोमध एक थेंब सोडला. डबा पुन्हा ट्रंकेवर ठेवताना त्याच्याखाली घोंगडी घडी करून घातली, कारण निम्मा खडखडाट त्या पत्र्याचा होता, हे तेव्हा लक्षात आलं.

बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर हिरवं खाचर उगवलं. मामांनी श्वास सोडला, तो पंख्याहून मोठा होता. पंखा आता झोपलेल्या माणसासारखा चालत होता. माझ्याकडे आता सबब उरली नव्हती.

"आता ऐकायचं," मामा म्हणाले. मी मान हलवली.

त्यांनी तयारी अशी केली, की जणू घरात लग्नाचा मुहूर्त धरायचा आहे. कोंबड्या पाटीखाली झाकल्या. वरच्या मजल्यावरचे नळ बंद करवले. मामींनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. एवढ्यात रस्त्यावर एक डंपर येऊन घुरघुरत उभा राहिला. मामा तसेच अनवाणी बाहेर धावले. "ए भाय! गाडी बंद करो! आमची पोरगी बोलतीया!" ड्रायव्हरला काय समजलं कोण जाणे, पण इंजिन बंद झालं.

आधी पाण्याचा आवाज आला. लावणीच्या बायकांचं हसणं. मग अगदी जवळून वैशाली : "मामा, वर बघा ना! जरा हसा की!" पडद्यावरच्या मामांनी वर पाहिलं आणि चिखलाच्या हातानं मिशी पुसून तीही चिखलाची केली. ती हसली. मग आवाज वळला, बारीक झाला. ती आता मागे तिच्या चपला हातात धरून उभ्या असलेल्या माणसाशी बोलत होती.

"अहो, हे बंद कसं करायचं?"

आणि माझ्या शेजारी उभे असलेले मामा, इतके दिवस ज्या शांततेसाठी झटले होते ती मोडून, खाचराच्या पार पलीकडे पोचेल अशा आवाजात ओरडले, "ऱ्हाऊ दे गं पोरी! चालूच ऱ्हाऊ दे!"

मी उभा राहू शकलो. मामींनी त्या वेळी माझा दंड धरला होता.

मामा गेल्या थंडीत गेले. मी आता दुसरीकडे राहतो, पण सुट्टीच्या दिवशी जांब्याला जातो. फाटकापाशी गाडी बंद करून आत ढकलत नेतो. मामी म्हणतात, "आता कुनाला भ्याताय?" पण चहाचं आधण त्यांनी ती चाकांची करकर ऐकूनच ठेवलेलं असतं. कॉम्प्युटर अजून त्याच ट्रंकेवर, त्याच घोंगडीवर आहे. आम्ही दोघं शेतावर जाऊन येतो. पाणी वाजतं, बायका हसतात, मामा मिशीला चिखल लावतात, आणि वैशाली विचारते, हे बंद कसं करायचं. जिथं मामा ओरडायचे, तिथं आता खोलीत फार शांतता होते.

"म्हना की, पावणं," मामी म्हणतात. "कुनीतरी म्हनाया पायजे."

मी म्हणतो. माझा आवाज मुळात लहान. मामी मान हलवतात.

"मोठ्यानं. बांधापतूर गेला पायजे."