टिनमधले मासे आणि पुढे ढकललेलं तिकीट

"भावोजी, तुम्ही मासा खात नाही, उरकताय," डबे देणाऱ्या वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्या वेळी माझ्या मांडीवर गवारीची पिशवी होती आणि गवारीच्या शिरा कुठल्या टोकाकडून काढायच्या हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी उलट उत्तर दिलं नाही. एरवी दिलं असतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीला लागून एक कट्टा आहे. संध्याकाळी तिथे तिघीजणी बसतात. नियम एकच, रिकाम्या हाताने बसायचं नाही. कुणी मटार सोलतं, कुणी मेथी निवडतं, कुणी लसूण. माझी बायको असताना ती चौथी असायची आणि मी वरून गॅलरीतून "जेवायचं काय आज?" असं ओरडून विचारायचो. ती गेल्यावर वरून बघायला नको वाटायला लागलं, म्हणून मी गवार घेऊन खाली उतरलो. कुणी बोलावलं नव्हतं.

गेली म्हणजे कॅनडाला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. बाळ झालं, बारसं झालं. परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं होतं. बाळाला सर्दी झाली म्हणून ते पुढे ढकललं. मग जावई कामासाठी बाहेरगावी जाणार होते म्हणून पुन्हा ढकललं. दर वेळी फोनवर मला "बरं" एवढंच म्हणता आलं. फोन ठेवला की मात्र मी घरभर फिरायचो. फ्रीज उघडायचो, बंद करायचो. टीव्ही लावायचो, आवाज बंद करायचो. तिकडे आता किती वाजले असतील याचा हिशेब करायचो आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून करायचो. पेपर तीनदा हातात घेतला तरी पहिल्या पानाच्या पुढे जात नसे. ती येणार आहे की नाही, हे मी कुणालाच विचारू शकत नव्हतो. तिला तर नाहीच नाही.

आता मासे. आम्ही दोघंही मासे खाणारी माणसं, पण ते आणणं, साफ करणं, त्यांची भांडी वेगळी ठेवणं हे सगळं तिच्याकडे. ती गेल्यावर मी एकदा हिंमत करून मासळी बाजारात गेलो. बांगडा कल्ले बघून घ्यायचा असतो हे मला माहीत होतं. मी कल्ले बघितले. त्यांच्यात काय बघायचं ते माहीत नव्हतं. पिशवी घरी आली आणि अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरून चौकशी झाली. शिवाय आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी माळकरी, माशाच्या भांड्याला हात लावत नाहीत. "काका, त्ये तुमचं तुम्ही घासा," म्हणून त्या दाराशीच उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी दुकानातून टिन आणायला लागलो. टूनाचा टिन, तारलीचा टिन. ओट्यापाशी उभ्या उभ्या पावाबरोबर खायचा आणि टिन टाकून द्यायचा. भांड्यांचा प्रश्नच नाही. तरी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आलाच: सुक्या कचऱ्यात वास येणारे टिन टाकणाऱ्या सभासदाने ते साबणाने धुऊन टाकावेत, ही नम्र विनंती. सभासद कोण, हे सगळ्यांना समजलं होतं.

त्यावरूनच त्या दिवशी कट्ट्यावर विषय निघाला.

"टूना टूना काय करता, तो आपला कुपाच की," वहिनी म्हणाल्या. वहिनी मूळच्या रत्नागिरीच्या. क्लाससाठी इथे येऊन राहिलेल्या मुलांना डबे देतात, आणि दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकाबद्दल त्यांचं मत सहसा बरं नसतं. "आमच्याकडे कुप्याला कोण विचारत होतं? आता परदेशी नाव लावून टिनमध्ये बसला, तर केवढा भाव."

"काकू, प्रोटीन आहे त्यात," तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई म्हणाली. ती खराडीला आयटीत नोकरी करते आणि घरून काम असेल त्या दिवशी कट्ट्यावर येते. "मी तर डायरेक्ट टिनमधूनच खाते. लंच सॉर्टेड."

"तुझ्या सासूबाई शाकाहारी ना गं?"

"त्यांना मी सोयाबीन सांगितलंय."

"आणि वास?"

"त्यांना सायनस आहे."

हे दोन्ही प्रश्न मॅडमचे. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण सोसायटीत सगळे त्यांना अजून मॅडमच म्हणतात. त्यांचं माहेर कॅम्पातलं, घराणं पुण्यात कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या रमजान ईदच्या शीरखुर्म्याची वाटी आमच्याकडे चुकवू म्हटलं तरी चुकली नसती. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी गळत होतं आणि त्यांना त्या दिवसांत हसू येत नव्हतं. "वरच्यांचा प्लंबर येऊन गेला आज," त्या म्हणाल्या. "म्हणतो, गळती तुमच्याकडचीच आहे. मी विचारलं, पाणी वर चढून मग खाली पडतं का? म्हणे, मॅडम, प्रेशर असतं."

"आमच्याकडे गळती नाही, पण हे आहेत," वहिनी म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून दर दहा मिनिटांनी झाकण काढून बघतात. भाताची वाफच राहत नाही. कालपासून मी कुकरशिवाय काही लावत नाही. उघडा म्हणावं आता."

मी शिरा काढत होतो आणि ऐकत होतो. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाचं छत, सगळं इथल्या इथे होतं, हाताशी होतं. मला त्यांचा चक्क हेवा वाटला.

"भाऊ, तेल निथळून टाका," मॅडम मग माझ्याकडे वळल्या. "उकडलेला बटाटा, आलं, मिरची, पुदिना घाला आणि टिक्की करा. माझे नातू ताज्या माशाकडे बघत नाहीत, ही मागून मागून खातात."

"टिक्की नंतर. आधी कालवण शिका," वहिनी म्हणाल्या. "खोबरं, मिरची, धणे वाटायचे. वाटण शिजलं की आमसूल. मासा अगदी शेवटी. तो टिनमध्ये आधीच शिजलाय, त्याला पुन्हा काय शिजवता? आणि डाव घालायचा नाही. पातेलं हलवायचं. डाव घातलात की झाला चिवडा."

पहिल्या दिवशी मी डाव घातला. झाला चिवडा. दुसऱ्या दिवशी आमसूल इतकं पडलं की दात आंबले. पण मला रिकामं बसवतच नव्हतं, आणि वाटण करताना निदान तिकडचे किती वाजले ते आठवत नसे, म्हणून मी करत राहिलो. एका संध्याकाळी मात्र तारलीचं कालवण जमलं. वर तेलाचा तवंग, तुकडे आख्खे. मी ताट वाढलं, लिंबाची फोड ठेवली, आणि फोटो काढून बायकोला पाठवला. तिचा अंगठा आला. पुढच्या आठवड्यात टिक्कीचा फोटो पाठवला. "वा!" असं आलं. मग मला त्याचा नादच लागला. भरली वांगी, भेंडी, मुगाची उसळ. तिने बघावं आणि म्हणावं, अरे वा, आता हे बघायला यायलाच हवं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तिने एकदा लिहिलं, "छान जमतंय की तुम्हाला." मी ते चार वेळा वाचलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी मुलीचा फोन आला की आईचं तिकीट अजून पुढे केलंय, उन्हाळा संपेपर्यंत बघू. आई बाळाला घेऊन बसली होती, ती फोनवर आली नाही.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर मटार सोलत होतो आणि सालं भांड्यात, दाणे पिशवीत टाकत होतो. मॅडमनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. मोबाइलमधले ताटांचे फोटोही दाखवले, आपण किती नीट राहतोय हे कळावं म्हणून.

तिघींनी फोटो बघितले आणि एकमेकींकडे बघितलं.

"काका, हे सगळे काकूंना पाठवले?" खराडीवाली म्हणाली. "तुम्ही तर स्वतःचीच केस वीक केलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, भावोजी?" वहिनी म्हणाल्या. "तिकडे ती बघतेय, इकडे लिंबाची फोडसुद्धा चुकत नाही. कशाला येईल? आमच्या ह्यांनी असं ताट केलं तर मी उद्या निघेन, काशीला."

मला राग आला. त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त. एवढी साधी गोष्ट या तिघींना एका नजरेत दिसली आणि मी महिनाभर लिंबं चिरत बसलो.

उपाय वहिनींनीच काढला. एक वाईट फोटो पाठवायचा. त्यांच्याकडे त्या दिवशी एका आजारी मुलासाठी केलेली खिचडी खाली लागली होती आणि पातेलं अजून घासायचं होतं. मॅडम म्हणाल्या की हे काही बरोबर नाही, पण पातेलं उजेडाकडे वळवून ठेवलं त्यांनीच. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात उभा राहून करपलेल्या खिचडीचा फोटो काढला, खाली "आज हे असं" एवढंच लिहिलं, आणि पाठवून दिला.

घरी येऊन कुलूप काढतो तोच फोन वाजला. तिचा. एरवी आम्ही रविवारी बोलतो. हा रविवार नव्हता.

"ते पातेलं कुणाचं?" ती म्हणाली.

"आपलंच."

"आपल्याकडे जर्मनचं, ॲल्युमिनियमचं भांडं नाही. मी आयुष्यात कधी घेतलं नाही. आणि आपला ओटा काळा आहे, हा हिरवा दिसतोय. वहिनींकडे काय करताय तुम्ही?"

मग ती हसली. खूप दिवसांत तिला हसताना ऐकलं नव्हतं, मला फार बरं वाटलं आणि लाजही वाटली.

"कशाला पाठवलात?" तिने विचारलं.

"तुला वाटावं, माझे हाल होतायत."

"होतायत का?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एका दिवसात दोनदा पकडलं जायची माझी तयारी नव्हती. "नाही," मी म्हणालो. "जमतंय मला."

"तेच," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "पहिला फोटो आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग ते येतच राहिले. मी म्हटलं, चला, तिकडचं काम संपलं. इथे बाळ आहे, हिला रात्री झोप नाही, इथे माझी गरज आहे. तिथे आता कशाला हवी आहे मी? मला कुणी ये असं म्हटलंच नाही, तुम्ही 'बरं' म्हणालात. दर वेळी 'बरं'च म्हणालात."

मी खिडकीपाशी गेलो, तिथून दिवाणखान्यात, तिथून परत स्वयंपाकघरात. गॅसवर काही नव्हतं. फोन कानाला लावून मी उगाच नळ घट्ट केला. काय बोलायचं ते माहीत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं, म्हणजे ती आता "ठेवते" म्हणणार.

"मला जमतंय," मी म्हणालो. "स्वयंपाक जमतो, कपडे होतात, औषधं वेळेवर घेतो. कशाचंही अडत नाही. तरी तू ये. मला इथे एकट्याला बसवत नाही. तू नाहीस तर मला घरात कुठेच बसवत नाही."

मला वाटलं, फोन बंद पडला. मी कानापासून काढून बघितलं, चालू होता.

"काही काम नाही, आणि नुसतीच येऊ?" ती म्हणाली.

"नुसतीच ये."

"मला असं नुसतं कुणी बोलावलं नव्हतं हो आजवर," ती म्हणाली. "माहेरी गेले ती कुणाच्या आजारपणाला, नाहीतर लग्नकार्याला. इकडे आले ती बाळंतपणाला. थांबा. ठेवू नका फोन."

मी ठेवला नाही. ती लांब गेल्याचं पावलांवरून कळत होतं. मग ती मुलीला हाक मारून तिकीट बघायला सांगत असलेली मला ऐकू आली. कशाला एवढी घाई, असं मुलगी विचारत होती, आणि ती रडत रडत सांगत होती की काही नाही गं, बाबांनी बोलावलंय.