हरलेल्या चेहऱ्याचा मालक

आपला संघ हरतोय हे नक्की झालं की लोक कपाळ बडवतात, रिमोट फेकतात, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. चावीमामा तसलं काही करत नसत. नजर पडद्यावरून न काढता ते पायाने चपला शोधू लागत. डावी सापडे, उजवी कधीच नाही. शेवटची शिट्टी होईपर्यंत तो पाय बिचारा बाकाखाली चाचपडत राही.

त्यांच्या चाव्या बनवायच्या टपरीवर एकदा जाहिराती काढणाऱ्या एक बाई घराची चावी हरवून आल्या. टपरीतल्या छोट्या टीव्हीवर मामांचा फुटबॉल संघ, म्हणजे पट्ट्यांच्या जर्सीतले पट्टेवाले, नेहमीच्या शिस्तीने हरत होते. बाईंनी तो पाय पाहिला आणि चावी राहिली बाजूला. फरशी पुसायच्या लिक्विडची जाहिरात निघाली ती अशी : संघ हरतो, मामा चपला शोधतात, पाय लागून चहाचा ट्रे आडवा होतो. जाहिरातीतली बायको एका फटक्यात फरशी लख्ख करून म्हणते, "डाग निघाला. तुमच्या संघाचं तेवढं बघा!"

लोक हसून लोळले. मग दर मोसमाला नवी जाहिरात. खरी बायको म्हणायची, "घरात कधी फडकं हातात धरलं नाही, आणि म्हणे फरशीचे हिरो!" पण मामांची छाती फुगलेली. जन्मभर हरणाऱ्या संघावर जीव लावला, तो वाया गेला नव्हता. चार घरं हसत होती त्यावर.

आणि मग घात झाला. पट्टेवाले जिंकले! तेही अंतिम सामन्यात, हिरव्यांना हरवून. हिरवे म्हणजे मामांच्या मेहुण्याचा संघ. दुसऱ्याच दिवशी सकाळी नव्या जाहिरातीचं शूटिंग.

"मामा, तुमचा संघ हरलाय," बाईंनी सांगितलं.

"हो हो, हरलाय," मामा म्हणाले आणि खुदकन हसले.

त्यांनी जुने पराभव एकेक करून आठवून पाहिले. प्रत्येकाच्या शेवटी कालचा गोल येऊन बसे. उजवी चप्पलसुद्धा पहिल्या झटक्यात सापडली. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "नाहीच जमलं तर एका नटाला बोलावते. पण मग पुढच्या जाहिरातीही त्याच्याकडे जातील, मामा." मामांनी दोन्ही हातांनी गाल खाली ओढून पाहिले. चेहरा मात्र लग्नघरासारखाच.

कोपऱ्यात मेहुणा बसला होता. एरवी मामांची टर उडवायला हौसेने यायचा, आज बहिणीने ढकलला म्हणून आला होता. गळ्यात हिरवा मफलर, हातातल्या चहावर साय.

मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले. "बाई, नट कशाला? माझं दुःख शिळं झालं. ह्याचं ताजं आहे."

"दाजी, जखमेवर मीठ चोळू नका."

"मीठ नाही रे, जाहिरातीतला सोफा देतोय. माझी जागा आहे ती."

"लोक हसतील."

"हसतीलच. हसणाऱ्यांतले निम्मे आपापल्या घरी असेच बसलेले असतात. एकटा नसतोस तू तिथे."

मेहुणा बसला. पडद्यावर कालचा गोल लागला. त्याने गळ्यातला मफलर काढला आणि मांडीवर ठेवून, इस्त्री करावी तसा हाताने सपाट करत घडी घालू लागला. घडी घालताना कोपर लागून ट्रे गेला. बायकोचं काम करणारी नटी कॅमेऱ्यापुढे जायला निघाली होती, तिच्या हातातून मामांनी पोछा घेतला, स्वतः गेले, फरशी पुसली आणि मेहुण्याशेजारी बसले. समोर त्यांच्याच संघाचा गोल पुन्हा पुन्हा होत होता. सकाळपासून ज्या माणसाला हसू आवरत नव्हतं, त्याच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. बाई 'कट' म्हणायचं विसरल्या.

"पुढची तुम्हा दोघांची," त्या शेवटी म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली, मेहुण्याची पाठ थोपटली, सावकाश बाहेर गेले, दार नीट ओढून घेतलं आणि मोकळ्या आवारात अशी आरोळी ठोकली की वॉचमन काठी घेऊन धावत आला.

आतून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, पुरे! ऐकू येतंय!"