वकीलसाहेबांच्या गाडीच्या कमानी

काहून रे, पुन्हा तेच? ‘गॅरेजात नुसते पाने उचलतो’ असं मले अजून किती खेपा लिहाल? गावातल्या गड्यांनो, आज काय झालं ते सगळे मिळून वाचा, मग बोला.

आमच्या पांढरकवड्याच्या गॅरेजात एका वकीलसाहेबांची दोन सीटांची जुनी स्पोर्ट गाडी आली. कमानी पार बसलेल्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमधून तेल गळून राह्यलं होतं. साहेबांच्या बायकोले कंबरेचं दुखणं, अन् लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरले जायचं. मी कमानी अन् शॉक नवे टाकले.

केळापूरपर्यंत फेरी मारून बाई आल्या, त्या कंबर धरूनच. “राहू द्या. मला नाही जमायचं,” म्हणाल्या. चेहरा पाहवत नव्हता.

आमचा उस्ताद, म्हणजे मोठा मिस्त्री, गाडीखाली शिरला. “अबे, चाकं लटकलेली असताना कमानीचे बोल्ट आवळले ना तू? बोल्टाभोवतीचं रबर पिळलं सारं. गाडीवर वजन पाहिजे.”

मग बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली अन् साहेब अन् बाई दोघांले सीटवर बसवलं. मी खाली पडून बोल्ट पुन्हा आवळून राह्यलो, तं बाई साहेबांले म्हणतात, “अहो, पोटात श्वास धरू नका, खरं वजन पडू द्या!” साहेबांसकट सारे हसले.

दुसऱ्या फेरीहून आल्या अन् उतरल्याच नाहीत. “सामान घ्यायला घरीच चला,” म्हणाल्या.

तेव्हापासून मले आई दिसून राह्यली. तिचीही कंबर तशीच, अन् उमरखेडच्या दवाखान्यात जाते बैलांच्या खाचरात धक्के खात. तुमच्यापैकी कोणी तिले एस.टी.नं नेईल काय? भाड्याचे धाडून राह्यलो, पंधरा रुपये.