इंगोले सर आणि पहिला नंबर

शाळेतल्या गोष्टींचं तपासायच्या वह्यांसारखं असतं. रोज थोड्या थोड्या साचतात आणि एक दिवस कपाट उघडलं की धडाधड अंगावर पडतात! शेलूबाजारच्या अलीकडे आमच्या गावात हायस्कूल आहे, तिथं मी एकोणीस वर्षं मराठी शिकवतोय. माझ्या कपाटातला निम्मा ढीग एकट्या इंगोले सरांचा. आमचे हेडमास्तर. माणूस सोन्यासारखा, फक्त त्यांना पहिला नंबर लागायचा. कुणाला चहा लागतो, कुणाला तंबाखू, तसा.

* * *

सर रुजू झाले त्याच दिवशी मीटिंग. चष्मा पुसला, टेबलावर मूठ आपटली. "गावात आपली शाळा एक नंबरची झाली पाहिजे!"

आम्ही माना डोलावल्या. दाराशी आमचे शिपाई गजाभाऊ किटली घेऊन उभे होते. ते जरा विचार करून म्हणाले, "सर, गावात हायस्कूल एकच आहे."

"मग?"

"मंग झालं ना! च्या घ्या."

* * *

मागे वाशिमला मुख्याध्यापकांसाठी तणावमुक्तीचं शिबिर झालं. तीन दिवस डोळे मिटा, श्वास सोडा, सगळं विसरा. सर परतले ते छाती पुढे काढूनच.

"अख्ख्या शिबिरात आपला पहिला नंबर!"

"शिबिरात नंबर असतात?" राठोड मॅडमनी विचारलं. मॅडम गणिताच्या, उत्तर आलं तरी रीत विचारतात.

"नसतात. मीच काढला. शवासनात बाकीचे सगळे हलत होते. मी स्वतः पाहिलं!"

"डोळे मिटून?"

तेवढ्यात घंटा झाली म्हणून सर घाईघाईनं वर्गावर गेले. घंटा मधल्या सुट्टीची होती.

* * *

एकदा प्रार्थना चालू असताना सरांना चक्कर आली. राठोड मॅडम आणि मी त्यांना जीपमध्ये घालून शेलूबाजारला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बीपी मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किती?" सरांनी विचारलं.

"वरचा एकशे सत्तर."

"कितीपैकी?"

डॉक्टरांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "सर, या पेपरात जास्त मार्क म्हणजे नापास!"

येताना सर जीपमध्ये पुढे बसले. सरांनी गोळ्यांची पुडी मुठीत घट्ट धरली होती. मला वाटलं, घाबरले. शाळेजवळ आलो तेव्हा त्यांनी हळूच मागे वळून विचारलं, "मॅडम, तुमचा किती असतो हो?"

* * *

आता पल्लवीचं सांगतो. आठवीतली मुलगी. बोलायला लागली की पोरं खिडकीबाहेर बघायची विसरत. सलग तीन वर्षं वक्तृत्वात तालुक्यात पहिली. डिसेंबरात मंगरुळपीरला स्पर्धा होती. सकाळी गाडी दारात उभी, आणि पल्लवी गायब! घरून तर निघाली होती. तिची आई शाळेत येऊन रडायला लागली. सरांचा चेहरा पांढरा पडला. गजाभाऊ, सर आणि मी शोधायला पळालो.

शाळेमागच्या तुरीच्या वावरात सापडली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून हिरव्या शेंगा सोलत होती. दप्तर शेजारी.

एरवी पुस्तकी बोलणारे सर चिडले की वऱ्हाडीवर येत. "काहून पळालीस गं? आमचा जीव चालला होता!"

पल्लवी मान खाली घालून म्हणाली, "मले बोलाले लय आवडते सर. पण तुमी समोर बसता, न् मले बोलणंच आठवत नाही. दुसरा नंबर आला तं तुमी कसे दिससान, तेच दिसते."

रस्त्यावरून गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. मी सरांकडे पाहिलं, तर ते तिथंच, पांढऱ्याशुभ्र पँटसकट, धुऱ्यावर खाली बसले.

"गजाभाऊ, गाडी जाऊ द्या."

मग ते पल्लवीकडे वळले. "पल्लवी, ते भाषण... मले म्हणून दाखोतं का? मी तिकडं तोंड करून बसतो."

तिनं म्हटलं. पूर्ण, न अडखळता. मधल्या एका विनोदावर सरांचे खांदे हललेले मी पाहिले. भाषण संपल्यावर तिनं त्यांच्या ओंजळीत मूठभर तुरीचे दाणे टाकले. सरांनी ते न मोजता खाल्ले!

* * *

आता माणूस काही एका दिवसात बदलत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी तातडीची मीटिंग बोलावली. आवाज मऊ होता.

"यापुढं या शाळेत कुणीही नंबराचं टेन्शन घ्यायचं नाही. मुलांनी नाही, तुम्ही नाही, मी पण नाही."

आम्हाला भरून आलं. राठोड मॅडमनी तर रुमाल काढला.

"आणि लक्षात ठेवा," सरांची मूठ टेबलावर आपटली, "टेन्शन न घेण्यात आपली शाळा तालुक्यात पहिली आली पाहिजे!"

* * *

प्रजासत्ताक दिनाला शिक्षकांची संथ सायकल स्पर्धा होती. पाय टेकवायचा नाही आणि सगळ्यात शेवटी जो रेघ ओलांडेल तो पहिला. एकेक गडी बाद होत गेला. राठोड मॅडम कलंडल्या, पीटीचे सर चुन्याच्या पट्ट्याबाहेर गेले. शेवटी उरलो मी आणि इंगोले सर. माझं हँडल थरथरत होतं. सरांची सायकल मात्र जमिनीत रोवल्यासारखी. मी दहा सेकंदांचा पाहुणा होतो. पोरं ओरडत होती, "सर! सर! सर!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे, मग वर आभाळाकडे. आणि अचानक जोरात पायडल मारलं! मला मागे टाकून सुसाट रेघ ओलांडली. मांडवाला वळसा घातला आणि फाटकातून बाहेर!

प्रमुख पाहुणे बक्षिसाचा कप हातात धरून उभे राहिले. "अहो, हेडमास्तर कुठं चालले?"

गजाभाऊ फाटकापर्यंत पळत गेले. कपाळावर हात धरून रस्त्याकडे पाहत राहिले आणि तिथूनच ओरडले,

"काय मालूम साहेब! पण घंटी वाजवून राह्यले!"